पाणसळीत बसलेलं भोक

"सही कर, ओडील."

"नाही करणार."

"काल संध्याकाळी ह्याच खुर्चीत बसून काय म्हणालीस? 'रेजीस, भोक आहे.' म्हणालीस की नाही?"

"दिसतंय म्हणाले. आहे म्हणाले नाही."

"दिसतंय आणि आहे, यात फरक काय?"

"इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून हे विचारतोस? उद्यापासून घरी बसणार आहेस ते बरंच आहे."

रेजीस ब्रुन्याने हातातला कप टेबलावर आपटला. कॉफी उडाली, ती त्याने स्वेटरच्या बाहीने पुसली. एरवी तो असा माणूस नव्हे. टेबलावर पावाचा चुरा पडला तरी फडकं शोधणारा. पण आज त्याचा नोकरीचा शेवटचा दिवस होता, आणि समोरच्या पडद्यावर त्याच्या आयुष्यातली एकुलती एक स्वतःची गोष्ट उजळून बसली होती: सिमेंटचा एक कण, धुळीहूनही बारीक, आणि त्याच्या पोटात मधोमध एक काळंशार लांबट भोक.

"मी बाबांना सांगून बसलोय," तो म्हणाला.

"दूध तापायच्या आधी साय मोजायला कुणी सांगितलं होतं?"

"नव्वदी उलटलेला माणूस आहे. फोनवर रडले ते. ठाऊक आहे तुला?"

ठाऊक होतं. शार्त्रजच्या डोंगराखाली सिमेंटच्या भट्ट्या होत्या, तिथं म्हाताऱ्या ब्रुन्याची हयात गेली. भट्टी विझली, फुप्फुसं गेली, पण एक हेका गेला नाही: "आपलं जुनं सिमेंट पाणी पिऊन पोटात ठेवतं. भिंतीला तडा गेला की तेच पाणी सोडतं आणि तडा भरून काढतं." साहेब लोक हसायचे. आता म्हातारा वृद्धाश्रमात होता आणि तिथल्या परिचारिकाही हसायच्या. रेजीसने आयुष्यभर दुसऱ्यांचे कण सुईच्या टोकावर चिकटवले, दुसऱ्यांच्या निबंधांच्या तळाशी आभारात बारीक अक्षरात राहिला. जाता जाता त्याने बापाच्या घराच्या भिंतीतून स्वतःसाठी एक कण काढला. निबंध लिहून तयार होता. पहिलं नाव ब्रुन्याचं. दुसरं ओडील पेराशाँचं, कारण कणाचं चित्र तिने उभं केलं होतं. तिच्या सहीशिवाय तो कुठंही जाणार नव्हता.

"हे भोक आडवं आहे," ओडील म्हणाली.

"मग?"

"नुसतं आडवं नाही. पाणसळ लावून बसवल्यासारखं आडवं. सिमेंटच्या कणात भोक पाडताना देवाने पाणसळ लावली होती?"

"देव गवंडी असेल. येशूचा बाप सुतार होता, त्याला कुणी काही म्हणत नाही."

"विनोद नको. आपला उजेडही आडव्या अंगानेच बेशिस्त आहे, हे तुला मी सांगायला हवं?"

सांगायला नको होतं. ग्रनोबलमध्ये दोन नद्यांच्या बेचक्यात इलेक्ट्रॉन गोल पळवून क्ष-किरण काढणारं मोठं रिंगण आहे, आणि त्याच्या कडेकडेने काम करणाऱ्या सगळ्यांना हे पाढ्यांसारखं पाठ असतं. तिथं चित्र काढत नाहीत, ओळखतात. एवढ्या बारक्या कणाला कुठलं भिंग पुरत नाही. म्हणून त्याच्यावर क्ष-किरणांचा उजेड सोडायचा. तो कणावर आपटून विखुरतो आणि पल्याडच्या पाटीवर पट्ट्यांची, ठिपक्यांची रांगोळी उमटते. पाटी एवढंच सांगते की कुठं किती उजेड पडला. कुठली लाट पुढं होती, कुठली मागं, ते ती गिळून बसते. ते गिळलेलं संगणकाने ओळखायचं: एक कण कल्पायचा, त्याची रांगोळी खऱ्या रांगोळीशी ताडायची, चुकलं ते खोडायचं, परत कल्पायचा. म्हणजे निम्मं बोलणारा साक्षीदार आणि उरलेलं निम्मं मनाने भरणारा वकील. ओडील ही त्या दोघांवर नजर ठेवणारी फौजदार.

त्यात उजेडाची आणखी एक तऱ्हा. रिंगणात धावणारा इलेक्ट्रॉनांचा झोत फितीसारखा चपटा असतो, म्हणून त्यातून सुटणारा उजेड उभ्या अंगाने शिस्तीत चालतो आणि आडव्या अंगाने गावच्या चर्चमधल्या गायकांसारखा: मधली मंडळी सुरात, टोकाची आपापल्या घरी. वाटेत दोन फटी असतात. त्या अरुंद केल्या की टोकाची मंडळी बाहेर राहतात. उजेड कमी येतो, पण एका सुरात. रुंद केल्या की उजेड भरपूर आणि गोंगाटही भरपूर. संगणकाला मात्र सांगून ठेवलेलं असतं, 'सगळे सुरात आहेत हं.' मग तो बिचारा गोंगाटाचा आळ कणावर घेतो. नसलेलं भोक पाडून मोकळा होतो.

"फटी उघड्या आहेत, रेजीस." ओडीलने भिंतीवरच्या पेटीकडे बोट केलं. ही किरणवाट, म्हणजे रिंगणातून उजेड कणापर्यंत आणणारी नळी, जुनी. फटींच्या मुठी अजून हाताने फिरवायच्या होत्या. "आडवी मूठ बघ कुठं आहे. हा आकडा कण शोधायचा आहे, चित्र घ्यायचा नाही. रांगोळी बघ. काळ्या पट्ट्या काळ्या नाहीत, कॉफीत दूध पडल्यासारख्या आहेत."

"मी फटींना हात लावला नाही."

"मग काय मांजराने फिरवली?"

"आपल्याकडे मांजर नाही."

"तेच म्हणतेय मी. किरण आज बंद होणार, मग वसंतापर्यंत दुरुस्ती. तुला घाई होती. उजेड वाढवला की काम लवकर उरकतं. मी जेवायला गेले आणि..."

"म्हण ना पुढं."

तिने पडद्याकडे तोंड फिरवलं.

"चारला माझा निरोप आहे," रेजीस म्हणाला. "खानावळीतली सोलांज आठवडाभर टार्टची तयारी करतेय. तोवर सही आली तर ठीक. नाही आली तर तुझं नाव काढून पाठवीन."

"नाव काढशील. चित्र कसं काढशील?"

तो गेला. काचेच्या दारातून त्याची पाठ लांबवर दिसत राहिली. रागातसुद्धा त्याने वाटेतला एक खिळा वाकून उचलला आणि खिशात टाकला.

ओडीलला संशय शिकवावा लागला नव्हता. तो तिला आईच्या दुधातून मिळाला. विने गावाच्या बाजूला त्यांची अक्रोडाची बाग होती, आणि शरदात आजूबाजूचे शेतकरी आईकडे पोती आणून घालायचे. दरेक जण वरचा थर निवडून लावायचा: टपोरे, धुतलेले, सोनेरी. आई त्या थराकडे बघायचीसुद्धा नाही.

"पोतं उलटं करा, मग बोलू."

"मादाम पेराशाँ, अहो, वीस वर्षांची ओळख आपली!"

"म्हणूनच म्हणते. अनोळखी माणसाला एवढं कसं जमेल?"

पोतं उलटं व्हायचं. तळाचे काळपट, किडके अक्रोड वर यायचे, आणि आई एकेक कानाशी धरून हलवायची. खडखडला की सुकलेला. छोटी ओडील तिच्या पायाशी बसून तेच करायची. शाळेत बाईंनी चांगलं म्हटलं तरी ती वहीचं मागचं पान बघायची. पहिल्या मुलाने तिला फूल दिलं तेव्हा तिने विचारलं होतं, "कुणाच्या बागेतलं?"

रिंगणात असल्या स्वभावाला पगार मिळतो. देशोदेशीचे लोक पेटीत आपले कण घेऊन यायचे, पडद्यावर चित्र उमटलं की टाळ्या पिटायचे, आणि ही बाई मागून म्हणायची, "परत करा. दुसऱ्या कल्पनेपासून सुरुवात करा. तेच चित्र आलं तर मला उठवा." तिच्या पाठीमागे लोक तिला संत तोमा म्हणायचे, जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास न ठेवणारा तो. सोलांज म्हणायची, "तोमा बरा. बोट घातल्यावर त्याने मानलं तरी. आमची ओडील म्हणेल, बोट कुणाचं होतं?"

घरी मात्र ह्या स्वभावाला पगार नव्हता. जील, तिचा नवरा, एका हिवाळ्यात दर गुरुवारी उशिरा यायला लागला. केस ओले. ओडीलने काही विचारलं नाही. विचारायचं असतं हे तिला सुचलंच नाही. ती त्याच्या मागोमाग गेली. शहराच्या तरणतलावात, लहान मुलांच्या उथळ टोकाला, पंचेचाळीस वर्षांचा तिचा नवरा फळकुटाला धरून पाय मारत होता. त्याला पोहता येत नव्हतं आणि त्याची लाज वाटत होती, एवढंच. त्याने काचेपलीकडे तिला पाहिलं. कोटात, बुटांवर प्लास्टिकची वेष्टणं चढवून, वाकून बघणारी. उन्हाळ्यात तो वेगळा झाला. भांडला नाही. जाताना म्हणाला, "तू मला एकदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं गं."

म्हणून त्या दिवशी, रेजीस गेल्यावर, ओडील बराच वेळ पडद्यासमोर नुसती बसली. तिला दोन भीती होत्या, आणि कुठली मोठी ते कळत नव्हतं. एक, भोक खोटं असेल. दुसरी, भोक खरं असेल आणि आपण पुन्हा एकदा काचेला नाक लावून उभ्या असू.

बारा वाजता सगळी मंडळी जेवायला गेली. त्या देशात बारा म्हणजे बारा. आग लागली तरी जेवण करूनच विझवतील. गुरुवार होता, खानावळीत चीज भरलेले राव्हिओल होते. ओडील गेली नाही. दरवाज्याच्या सांध्यातून चीजचा वास येत राहिला आणि ती त्या लांबट काळ्या भोकाकडे बघत राहिली. मग मोठ्याने म्हणाली, "पोतं उलटं करा."

उपाय सोपा होता. कण पाव वळण फिरवायचा. भोक कणाचं असेल तर कणाबरोबर फिरेल, उभं होईल. उजेडाचं असेल तर ते तिथंच आडवं पडून राहील. फिरलेल्या कणाच्या पोटातही.

सोपा, पण करू नये असा. तिथं एक रीत आहे, कुणी लिहून ठेवलेली नाही आणि कुणी मोडत नाही: ज्याने कण सुईवर चिकटवला, त्यानेच त्याला हात लावायचा. दुसऱ्याच्या कणाला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या बाळाचा लंगोट न विचारता सोडणं. कण पडला तर सापडत नाही, श्वासाने उडतो. आणि हा कण एकच होता. रेजीसने बापाच्या घरातून भिंत काही पोत्याने आणली नव्हती.

तिने किरण अडवला, शिशाच्या खोलीचं जड दार ओढलं. आत गार होतं. सुईची बैठक तिने दोन बोटांत धरली. श्वास रोखला. बैठक हलेना. रेजीसने ती घट्ट बसवली होती, तो करायचा ते सगळं घट्ट. मग एकदम सुटली, आणि सुई थरथरली.

"पडू नकोस," ओडील सुईला म्हणाली. "पड, पण आज नको."

पाव वळण. दार बंद. किरण सुरू. कण सुईवरच होता, पाटीवर रांगोळी उमटायला लागली, कालच्यासारखीच, पण कडेवर उभी. फटी तिने होत्या तशाच ठेवल्या. परीक्षा घ्यायची तर त्याच उजेडात घ्यायला हवी होती.

मग संगणकाचं काम. कल्पना, ताडणी, खोडणी. पडद्यावर आधी चिखल, मग चिखलात एक कड, मग कडेला कोपरा. कण फिरला होता: कालचं त्याचं वरचं टोक आता उजवीकडे होतं. आणि पोटात काळोख साकळायला लागला. ओडील खुर्चीच्या कडेवर आली.

भोक आडवं पडलं होतं. तसंच. मधोमध. पाणसळीत.

तिला आनंद व्हायला हवा होता. "बघ," ती कुणालातरी म्हणाली, पण खोलीत कुणी नव्हतं. तिने संगणकाला खरं काय ते सांगितलं: सगळे सुरात नाहीत, आडव्या अंगाने एवढे एवढे बेसूर आहेत, ते धरून चाल. कालच्या रांगोळीवरही तेच, आजच्याही. दोन्ही चित्रं पुन्हा उभी राहिली, आणि ह्या खेपेला भोक विरत गेलं, खिडकीवरच्या श्वासाच्या वाफेसारखं. कण भरीव होता. फक्त काठाशी, एका कोपऱ्याला, काहीतरी राहिलं होतं. बारीक, वाकडंतिकडं. ओडीलने कालचं चित्र फिरवून आजच्यावर ठेवलं. तो वाकडा ठिपका दोन्हीकडे त्याच कोपऱ्यात होता. तो कणाबरोबर फिरला होता.

चार वाजता निरोपाच्या खोलीत गर्दी होती, कागदी पेले होते, आणि मधल्या टेबलावर सोलांजचा अक्रोडाचा टार्ट होता. गोल नव्हता. तिने चित्र समोर ठेवून कापला होता, कणाचा कोपरान् कोपरा, आणि मधोमध चॉकलेटचं लांबट काळं भोक.

"आडवंच ठेवलंय हं!" सोलांज ओरडली. "भाजताना जरा कलंडत होतं, मी उलथन्याने सरळ केलं."

"तूही पाणसळ लावलीस?" रेजीस म्हणाला, आणि सगळे हसले, कारण सकाळचं भांडण एव्हाना खानावळभर झालं होतं.

ओडील दारात उभी होती. सोलांजने तिला पाहिलं आणि डिश पुढं केली. "ये बाई, तोमा. तुला कुठला तुकडा? भोकाजवळचा?"

"भोक नाहीये, सोलांज."

मागं कुणीतरी उघडत असलेल्या बाटलीचं बूच मध्येच थांबलं.

"नाहीये म्हणजे?" रेजीसने सुरी खाली ठेवली. आवाज चढला नव्हता.

"मी बघितलं. कण फिरला, भोक फिरलं नाही. ते उजेडाचं आहे."

"कण फिरला. आपोआप फिरला?"

"मी फिरवला."

"माझा कण."

"हो."

"मला न विचारता."

"विचारलं असतं तर फिरवू दिला असतास?"

"हो," रेजीस म्हणाला. "कुरकुरलो असतो. मग फिरवू दिला असता. मीच फिरवून दिला असता, बैठक घट्ट असते ती. तू विचारायचं होतंस, ओडील."

सोलांजने उगाचच टार्टवरचा अक्रोड नीट केला. ओडीलने हातातला कागद उलगडून टार्टच्या शेजारी ठेवला, दोन चित्रं, एकावर एक. "काठाशी बघ. हे. हे खरं आहे. बारीक आहे, वाकडं आहे, पण कणाबरोबर फिरलं. निबंधातलं मोठं भोक काढ, हे घाल. त्यावर मी सही करीन. आत्ता करीन."

रेजीसने चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून बघितलं. खूप वेळ.

"ह्यात पाणी मावेल?"

"मावेल की नाही ते मला सांगता येणार नाही."

"मग बाबांना काय सांगू? 'बाबा, काल मी म्हणालो तेवढं नाही, थोडंसं आहे, तेही नक्की नाही'?"

"खरं तेवढं सांग."

"खरं." त्याने चष्मा खाली घेतला. रागावलेला नव्हता तो. त्यामुळेच ओडीलला त्याच्याकडे बघवेना. "बरं. मोठं भोक खोटं. मान्य. फटी उघड्या राहिल्या म्हणून खोटं. तेही मान्य. सकाळपासून तू मला विचारतेयस की फटी कुणी उघडल्या. जेवताना मी तेच आठवत होतो. राव्हिओल गार झाले माझे."

"रेजीस, जाऊ दे," सोलांज म्हणाली.

"जाऊ कसं देऊ? संशय माझ्यावर आहे. काल सकाळी कण सापडेना. आठवतं? तू 'डावीकडे, डावीकडे' ओरडत होतीस, 'अरे तुझं डावं नाही, कणाचं डावं!' माझे दोन्ही हात कण सरकवायच्या मुठींवर होते. आणि मग एकदम उजेड वाढला, कण चमकला, आणि आपण दोघंही ओरडलो."

बोलता बोलता त्याने टार्टचा एक तुकडा कापला, काठाचा, भोकापासून लांबचा, आणि डिशमध्ये ठेवून तिच्यापुढे धरला.

"माझे हात कणावर होते, ओडील. भिंतीवरची पेटी तुझ्या बाजूला होती. मग उजेड कुणी वाढवला?"

डिश हातात घेताना तिच्या उजव्या हाताच्या बोटांना आधी आठवलं आणि तिला नंतर: ती गार पितळी मूठ, बाहेरच्या दिशेने दोन वळणं, आणि कण चमकल्याच्या आनंदात ती तशीच सोडून टाळी वाजवायला उचललेला हात.

सगळे तिच्याकडे बघत होते. ओडीलने डिश टेबलावर ठेवली, तुकडा तसाच. खुंटीवरचा कोट काढला, एक बाही घातली, दुसरी सापडेना, ती लोंबती ठेवूनच तिने दार ढकललं आणि ती बाहेर पडली.